मार्सेलो मेयर: चार वर्षांच्या दुखापतींनंतर डायनस्टी लीगमध्ये ठेवावा की विकावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. फँटसी बेसबॉलची १२ संघांची डायनस्टी लीग (खेळाडू वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवता येतात), ५×५ रोटिसरी (बॅटिंगचे पाच आणि पिचिंगचे पाच रकाने, प्रत्येकात क्रमवारीनुसार गुण), लाइनअप रोज बदलता येते, आयएलच्या (जायबंदी खेळाडूंच्या) दोन जागा. तुमच्याकडे रेड सॉक्सचा मार्सेलो मेयर आहे. समोरून एक तिशी ओलांडलेला, दरवर्षी वीसेक होम रन देणारा थर्ड बेसमन देऊ केलाय. हा मुलगा सतत जायबंदी होतो, तर नाव आहे तोवर विकून टाकावा का, असं तुम्ही विचारलंय. खालचं सगळं २०२५ हंगामाअखेरचे आकडे आणि त्या हिवाळ्यातली स्थिती धरून आहे.

माझं मत: या सौद्यात देऊ नका. पण येत्या हंगामात त्याच्या भरवशावर थर्ड बेसची जागा मोकळीही सोडू नका. बाजार त्याची किंमत पाडतोय ती मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे. मला त्याहून मोठी काळजी वाटते ती या दुखापतींनी खाल्लेल्या बॅटिंगच्या संधींची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा हिशेबही वेगवेगळा मांडावा लागतो.

आधी नोंदी बघा. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) चौथा क्रमांक, जन्म डिसेंबर २००२ चा, डावखुरा बॅटर, थ्रो उजव्या हाताने. २०२२ मध्ये ९१ सामने, मधले काही आठवडे मनगट मुरगळल्याने बाहेर. २०२३ मध्ये ७८ सामने, ऑगस्टमध्ये डाव्या खांद्याने हंगाम संपला. २०२४ मध्ये ७७ सामने, जुलैअखेर कंबरेचा स्नायू. २०२५ मध्ये वूस्टरला (ट्रिपल-ए, मायनर लीगचा सगळ्यात वरचा दर्जा) ४३ आणि बॉस्टनला (रेड सॉक्सच्या मुख्य संघात) ४४, आणि मग उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया. म्हणजे सलग चार हंगामांत एकदाही शंभर सामने झालेले नाहीत. याला निव्वळ नशीब म्हणून सोडून देता येत नाही. पुढच्या वर्षाचा अंदाज बांधताना मी १०५ च्या वर जाणार नाही. कुणी १४० सामने धरून त्याची किंमत सांगत असेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

मात्र ‘इंज्युरी प्रोन’ हा एकच शिक्का सगळ्यांवर मारू नका. मिनेसोटाच्या रॉयस लुईसचं उदाहरण घ्या. उजव्या गुडघ्याचा एसीएल (सांध्यातला मुख्य लिगामेंट) फेब्रुवारी २०२१ मध्ये गेला, मे २०२२ मध्ये पुन्हा तोच. त्यानंतर मांडीचे पुढचे, मागचे, आतले असे सगळे स्नायू आळीपाळीने. ही पायांची एक साखळी आहे आणि ती थेट स्टीलच्या (बेस चोरण्याच्या) रकान्यात दिसते: २०२३ मध्ये ५८ सामन्यांत ६, २०२४ मध्ये ८२ सामन्यांत शून्य, २०२५ मध्ये पाय जरा टिकल्यावर १२. मेयरच्या दुखापती विखुरलेल्या आहेत. मनगट दोनदा, मधे खांदा आणि कंबर. पायाचं मोठं काही नाही. विखुरलेल्या दुखापतींचा अंदाज बांधणं कठीण असतं, पण एकाच कौशल्याची मुळं त्या सहसा कापत नाहीत.

कुठला अवयव कुठल्या रकान्याला मारतो, हे पक्कं डोक्यात ठेवा. गुडघा आणि हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) स्टील खातात. स्टील गेले की मागोमाग रन्सही थोडे घटतात. कंबर सामने खाते. खेळतो तेव्हा ठीक खेळतो, पण सलग दहा दिवस खेळेलच याची खात्री नसते. बॅटिंगमध्ये पुढचा खांदा आणि मागचा खांदा यांत फरक आहे. डावखुऱ्या बॅटरचा उजवा खांदा पुढे असतो, आणि स्विंग संपताना सगळा ताण त्याच्यावर येतो. मेयरचा दुखावला तो डावा, म्हणजे मागचा. त्यामुळे त्या खांद्याबद्दल मी आज फार चिंता करत नाही.

मनगटाचं तसं नाही. डावखुऱ्या बॅटरचा उजवा हात बॅटच्या मुठीच्या टोकाशी असतो. स्विंग अर्ध्यात रोखताना, आणि आतल्या चेंडूवर बॅट झटकन फिरवताना याच मनगटाला सगळ्यात जास्त पीळ बसतो. त्यात मेयरचा थ्रोचा हातही तोच. म्हणून एकच दुखापत त्याच्या बॅटिंगला आणि थर्ड बेसवरून पहिल्या बेसपर्यंतच्या लांब थ्रोला, दोन्हींना लागते. एक गल्लत टाळा: हॅमेट या मनगटातल्या हाडाचं हुकासारखं टोक काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली की खेळाडू दीड-दोन महिन्यांत परततो, त्यामुळे तिची मुदत मेयरला लावू नका. त्याचं मनगट मुरगळण्यातून सुरू झालं आणि शेवटी शस्त्रक्रियेपर्यंत गेलं. ऑगस्टमध्ये झालेल्या शस्त्रक्रियेनंतर तो स्प्रिंग ट्रेनिंगला (हंगामाआधीच्या सरावाला) हजर असणं अपेक्षितच आहे. हजेरी लागली म्हणून ताकद परत आली असं धरू नका. एप्रिल-मेमध्ये सिंगल आणि डबल दिसतील, होम रन उशिरा येतील, अशी तयारी ठेवा.

आता त्याचं २०२३ नीट बघा, कारण दुखणं लपवून खेळलं की आकडे कसे फसवतात हे त्यात स्वच्छ दिसतं. हाय-ए मध्ये (मायनर लीगचा डबल-ए खालचा दर्जा) त्याचं अ‍ॅव्हरेज .२९० (हिटचं प्रमाण) होतं. तिथून डबल-ए पोर्टलंडला गेला आणि ४३ सामन्यांत .१८९. तेव्हा अनेकांनी निष्कर्ष काढला की वरच्या दर्जाची पिचिंग त्याला झेपत नाही. मग ऑगस्टमध्ये खांद्याची गोष्ट बाहेर आली आणि हंगाम थांबला. पुढच्या वर्षी त्याच पोर्टलंडला, त्याच दर्जाच्या पिचिंगसमोर ७७ सामन्यांत .३०७, ८ होम रन, १३ स्टील. ज्यांनी २०२३ च्या हिवाळ्यात त्याला स्वस्तात उचललं त्यांना हा फरक समजला होता. तुमच्यासाठी यातला उपयोगाचा भाग असा: दुखापत जाहीर होण्याआधीचे दोन महिने वेगळे काढा आणि त्यांना कमी वजन द्या. २०२५ च्या जुलैलाही हीच फूटपट्टी लावा.

पण एवढी सूट देऊनही एक आकडा उरतोच. बॉस्टनमध्ये १३६ प्लेट अपिअरन्समध्ये (बॅटिंगच्या फेऱ्यांमध्ये) ४१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि फक्त ८ वॉक (चार खराब चेंडूंवर फुकटचा पहिला बेस). म्हणजे ३० टक्के स्ट्राइकआउट. होम रनचा दर किंवा अ‍ॅव्हरेज एवढ्या नमुन्यात काहीच सांगत नाही, त्यामुळे .२२८ विसरून जा. स्ट्राइकआउटचा दर मात्र साठेक फेऱ्यांतच बोलायला लागतो, आणि १३६ पुरेशा आहेत. वॉक कमी आणि स्ट्राइकआउट जास्त, याचं मनगट हे एकमेव कारण असू शकत नाही. इथे मला दुखापतींची खरी वसुली दिसते. मायनर लीगचे सगळे हंगाम मिळून त्याचे सुमारे ३१५ सामने झालेत. त्याच्या वयाचा, धडधाकट राहिलेला खेळाडू याहून कितीतरी जास्त पिचिंग बघून वर येतो. डावखुऱ्या पिचरांचे स्लायडर (बाजूला वळणारे चेंडू) तर त्याने फारच कमी पाहिलेत, आणि अ‍ॅलेक्स कोराने (बॉस्टनचा तेव्हाचा मॅनेजर) त्यांच्यासमोर त्याला बऱ्याचदा बाकावर ठेवलं.

अ‍ॅरिझोनाच्या जॉर्डन लॉलरचंही असंच झालंय. २०२१ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया, मग अंगठ्याची, मग हॅमस्ट्रिंग, आणि २०२४ चा जवळजवळ सगळा हंगाम वाया. २०२५ मध्ये रीनोला (अ‍ॅरिझोनाचा ट्रिपल-ए संघ) .३१३ मारले, वर आल्यावर .१८२. शरीर बरं झालं तरी राहून गेलेल्या फेऱ्या कुणी परत देत नाही, त्या खेळूनच भराव्या लागतात. मेयरचे ऑप्शन (मायनरला परत पाठवायची मुभा) शिल्लक आहेत. सुरुवात वाईट झाली तर संघ त्याला वूस्टरला पाठवू शकतो, आणि खेळाडू म्हणून ते त्याच्या हिताचंही ठरेल. तुमच्या रकान्यांना मात्र त्या काळात काही मिळणार नाही.

स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये काय बघायचं? अ‍ॅव्हरेज अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात एवढंच बघा की तो थर्ड बेसवरून पूर्ण थ्रो करतोय का, की त्याला नुसतं डीएच (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून उतरवतायत. दुसरं, लागोपाठ दोन दिवस खेळतोय का. मनगटाची सूज दुसऱ्या दिवशी कळते, म्हणून एकाआड एक दिवस विश्रांती चालूच राहिली तर तो वाईट संकेत समजा. हंगाम सुरू झाला की बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या साइटवर त्याचा बॅट स्पीड उघडा आणि २०२५ च्या मे-जूनशी ताडून बघा. दोन आठवडे स्विंग झाल्यावरही तो ताशी दीड मैलाहून जास्त घसरलेला असेल, तर होम रनचा अंदाज एक तृतीयांशाने खाली आणा. एक्झिट व्हेलॉसिटीची (चेंडू बॅटवरून निघण्याच्या वेगाची) सरासरी बघत बसू नका, ९० व्या पर्सेंटाइलचा, म्हणजे सगळ्यात जोरदार फटक्यांचा आकडा बघा. मनगट दुखत असेल तर तो आधी पडतो आणि सरासरी बरेच दिवस ठीक दिसत राहते. वूस्टरला गेलाच, तरी ट्रिपल-ए चे स्टॅटकास्ट (चेंडू-बॅटचा वेग मोजणारी यंत्रणा) आकडे २०२३ पासून सगळ्यांना बघता येतात, तिथला पाठपुरावा सोडू नका.

लीगमध्ये तो कुठल्या जागेवर लावता येतो, त्या पात्रतेचाही विचार करा. ड्राफ्टच्या वेळी तो शॉर्टस्टॉप होता, बॉस्टनने त्याला मुख्यतः थर्ड बेसवर आणि थोडं सेकंड बेसवर खेळवलं. याहूच्या लीगमध्ये एखाद्या जागेवर ५ स्टार्ट किंवा १० सामने पुरतात, त्यामुळे तिथे दोन जागांची शक्यता असते. २० सामन्यांचा नियम असलेल्या लीगमध्ये तो फक्त थर्ड बेसमन उरतो आणि तुमची मिडल इनफिल्डची (सेकंड बेस किंवा शॉर्टस्टॉपची) जागा भरायच्या कामाचा राहत नाही. दुखापतीनंतर जागा बदलली की खेळाडू तोच राहतो आणि किंमत पडते. सॅन डिएगोचा शॉर्टस्टॉप फर्नांडो टाटिस ज्युनियर २०२३ मध्ये परतला तो राइट फिल्डमध्ये. २५ होम रन आणि २९ स्टील केले, पण हेच आकडे शॉर्टस्टॉपच्या जागेवर ज्या भावाने जातात त्या भावाने आउटफिल्डमध्ये जात नाहीत.

तुमच्या लीगमध्ये मायनरच्या वेगळ्या जागा असतील तर नियमाचं पान आजच उघडा. मेयरचे अ‍ॅट-बॅट १२७ (वॉक वगैरे वगळून उरलेल्या फेऱ्या) आहेत. अधिकृत रूकी (नवोदित) दर्जा मुख्य संघातल्या ४५ दिवसांच्या अटीमुळे गेला, पण बऱ्याच लीग फक्त १३० अ‍ॅट-बॅटचीच अट लावतात. तसं असेल तर तो आणखी काही काळ मायनरच्या जागेत बसू शकतो आणि तुमची एक मुख्य जागा वाचते. ठेवायचा की विकायचा, हे एवढ्या एका कलमावरही ठरू शकतं.

रेड सॉक्सच्या मैदानाबद्दल, फेनवेबद्दल दोन ओळी. डावखुऱ्याला राइट फिल्डचा खांब ३०२ फुटांवर दिसतो, पण भिंत लगेच मागे सरकत जाते आणि बुलपेनपाशी (बदली पिचरांच्या जागेपाशी) अंतर ३८० फूट होतं. मेयर लेफ्ट-सेंटरकडे चांगला मारतो, तिथे ३७ फुटी भिंत आहे. म्हणजे डबल पुष्कळ. पॉइंट्स लीगमध्ये त्याचे पैसे मिळतात, ५×५ मध्ये डबलला वेगळा रकाना नाही.

आता तुमच्या सौद्याचा हिशेब. समजा मेयर १०५ सामन्यांत १३ होम रन देतो. उरलेल्या ५७ सामन्यांत तुम्ही वेव्हरवरचा (कुणाच्याच संघात नसलेला) कुणीतरी लावणार, १६२ सामन्यांना १४ होम रनच्या गतीचा. त्याचे साधारण ५. एकूण १८. समोरचा अनुभवी खेळाडू १४५ सामन्यांत २० देईल आणि उरलेल्या दिवसांत बदली खेळाडू एखाद-दुसरा, म्हणजे साडेएकवीस. फरक सातचा वाटत होता, तो साडेतीनचा निघाला. रोज लाइनअप बदलता येते म्हणूनच हे जमतं. डावखुऱ्या पिचरच्या दिवशी, म्हणजे साधारण चारातला एक सामना, तो बाकावर बसला तरी तुम्ही दुसरा लावू शकता. साप्ताहिक लाइनअप असती तर मी हाच सल्ला इतक्या ठामपणे दिला नसता, कारण आठवड्यातले एक-दोन सामने आणि दुखापतीच्या आठवड्याचे उरलेले दिवस सरळ बुडतात.

साडेतीन होम रन आणि थोडं अ‍ॅव्हरेज एवढ्यासाठी २३ वर्षांच्या खेळाडूची पुढची सहा-सात वर्षं देऊ नयेत. तुम्ही यंदाच विजेतेपदाच्या दारात असाल तर गोष्ट निराळी. मग त्या थर्ड बेसमनबरोबर समोरच्याचा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) किंवा एखादा चांगला रिलीव्हर (बदली पिचर) मागा, नुसत्या अदलाबदलीला हो म्हणू नका. विकायचाच झाला तर आत्ताचा हिवाळा सगळ्यात वाईट वेळ आहे. शस्त्रक्रियेची बातमी ताजी आहे आणि नवीन काहीच दिसत नाही. मार्चमध्ये दोन होम रन पडले की हेच लोक स्वतःहून विचारायला येतील. तोपर्यंत वेव्हरवरून एक स्वस्त थर्ड बेसमन घेऊन ठेवा. उजव्या हाताने मारणारा मिळाला तर उत्तम, डावखुऱ्या पिचरच्या दिवशी तोच कामाला येईल.