छावणीत क्लब कशाला?

प्रश्न : आमच्या गल्लीतलं कबड्डीचं मंडळ पोरांच्या वर्गणीवर चालतं, मॅट नाही, मातीतच खेळतो. परवा कट्ट्यावर विषय निघाला, निर्वासितांच्या छावणीत पण क्लब असतात म्हणे. जिथं पाण्याला रांग तिथं खेळ कुठून सुचतो?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सुचतो की, उलट तिथंच जास्त सुचतो! छावणी म्हणजे चार महिन्यांचा तंबू असं आपल्याला वाटतं, पण केनियातली काकुमा १९९२ पासून आहे, तिथं जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप झालीत, बाहेर जाऊन काम करायला परवानगीची मारामार, मग अख्खा दिवस करायचं काय? संध्याकाळी पाचला मैदानावर कोणीतरी आपली वाट बघतंय, एक दिवस दांडी मारली तर काल का नाही आलास विचारतंय, हे क्लबच देतो, रेशन नाही देत. रामल्लाजवळच्या अमारी छावणीतला युवक क्लब तर १९५३ चा, त्यांचा फुटबॉल संघ पॅलेस्टाइनच्या लीगमध्ये खेळलाय.

काकुमाचीच रोझ लोकोन्येन बघा. दक्षिण सुदानमधून लहानपणी पळून आलेली, शाळेच्या १० किलोमीटरच्या शर्यतीत अनवाणी धावली नि दुसरी आली. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या पहिल्या संघाचा झेंडा तिच्याच हातात होता. दहा जणांच्या त्या संघातले पाच धावपटू काकुमाचे!

मुलींचं मात्र तिथंही अवघडच, पाणी भरा, भावंडं सांभाळा, मग खेळा. तुमच्या मंडळात मुली येतात का हो? कळवा नक्की.