पूर्वी अमेरिकेत लोक खरंच गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करायचे का? आता मुलीला शिकवायचं तर तळं बरं की इनडोअर रिंक, म्हणजे छताखालचं कृत्रिम बर्फाचं मैदान?

करायचे म्हणजे काय, अख्खं गाव करायचं! साठच्या दशकात लग्न होऊन मी पुण्याहून थेट विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गेले. यजमान विद्यापीठात पीएच.डी. करत होते, बिऱ्हाड ईगल हाइट्सला. खालीच मेंडोटा तलाव. रात्री थंडी वाढली की त्याचा बर्फ असा गडगडायचा की पहिल्यांदा ऐकल्यावर मी ह्यांना हलवून उठवलं.

स्केटिंग मात्र व्हायलस पार्कच्या छोट्या तळ्यावर. काठाला वॉर्मिंग हाउस, म्हणजे ऊब घ्यायची खोली. आत आजोबांपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळे बूट चढवत बसलेले आणि ओल्या लोकरीचा वास. शेजारच्या बाईंनी लेकीचे जुने स्केट्स मला दिले. स्वतः गुडघे टेकून नाड्या बांधल्या, बोटांशी सैल, घोट्याशी करकचून. मग स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर ठेवली आणि म्हणाल्या, हिला ढकलत चाल. साडीच्या आत ह्यांची लोकरी पँट, वर कोट, अशी मी निघाले. तो हिवाळा संपेपर्यंत मला उलटं जाताही येऊ लागलं. दिरांनी पत्रात विचारलं, 'संसारी बाईला हे शोभतं का?' शोभतं. तिथे सत्तरीच्या बायका नवऱ्याचा हात धरून गोल फिरत, त्यांनाही शोभायचं.

आता माझा मुलगा म्हणतो, नातीसाठी रिंकच बरी, बर्फ सपाट असतो, शिकवायला कोच असतो. मला अजिबात पटत नाही. तळ्यावर भेगा असतात, खडबड असते, वारा अंगावर येतो. तिथे तोल सांभाळायला शिकलेलं मूल कुठेही उभं राहतं. १९८० साली लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पीड स्केटिंगची पाचही सुवर्णपदकं जिंकणारा एरिक हायडन मॅडिसनचाच, आणि त्या शर्यतीही उघड्या आभाळाखालीच झाल्या. शिवाय रिंकवर तासाचे पैसे भरायचे आणि सारखं घड्याळ बघायचं, त्यात पोरं रमणार कशी?

हां, एक मात्र बघा. स्वच्छ, आरपार दिसणारा बर्फ निदान चार इंच जाड हवा. पांढरा, दुधट असेल तर दुप्पट. ओढा येऊन मिळतो तिथे किंवा पुलाखाली पाऊलसुद्धा टाकू नका. थंडीही पूर्वीची राहिली नाही: मेंडोटा १८८०-८१ मध्ये १६१ दिवस गोठलेला होता, २००१-०२ मध्ये जेमतेम २१. असं वर्ष आलं तर मुलीला रिंकवर शिकवा, पण पुढच्या हिवाळ्यात तळ्यावर न्याच.