बाबांचं आजारपण एमबीएच्या अर्जात लिहावं का?
लिही, पण मोजकं. नीट-कॅटसारख्या प्रवेश परीक्षांच्या फॉर्ममध्ये निबंधच नसतो, म्हणून आपल्याला सवय नाही. आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) किंवा परदेशी एमबीएला तो लागतो.

बाबा आजारी असताना नागपूरच्या इतवारीतलं दुकान दोन वर्षं तूच सांभाळलंस आणि मार्क घसरले, असं म्हणतोस. मग आजाराला दोन ओळी पुरे. बाकी जागा दुकानाला दे: उधारी कशी वसूल केली, ठोक व्यापाऱ्याशी काय घासाघीस झाली, मे महिन्यात ४५ अंशांत गिऱ्हाईक कधी फिरकायचं. मार्कांचं कारण ऐच्छिक निबंध असेल तर तिथे, कोरडं, तारखांसकट.

माझ्या पहिल्या मसुद्यात नुसतं रडगाणं होतं. आईनं वाचून विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

आणि तिखटमीठ लावू नकोस, मुलाखतीत नेमकं तेच खोदून विचारतात.