सिस्टर, जरा सांगाल का? : लेकराची दाढ काढायचीय

प्रश्न : नमस्कार सिस्टर, मुलगा सहा वर्षांचा आहे, खालची दुधाची दाढ पार किडलीय, वाचणार नाही म्हणाले डॉक्टर. पुढच्या आठवड्यात काढायचीय आणि तो आत्तापासूनच घाबरलाय. त्याला काय सांगू? उपाशी न्यायचं का? सासूबाई म्हणतात खड्ड्यात हळद नि लवंगेचं तेल भरायचं म्हणजे पिकत नाही, भरू का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, नुसती जागा बधीर करून काढणार असतील तर छान खाऊ घालून आणा, उपाशी पोर जास्त किरकिर करतं. पूर्ण भूल देणार असतील तर मात्र साधारण ६ तास आधीपासून खाणं-दूध बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, आणि तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ तंतोतंत पाळा. मधे आजीने प्रेमाने एखादं बिस्कीट दिलं असेल तर प्लीज लपवू नका, भुलेत उलटी झाली तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दमा, हृदयाचा त्रास, खरचटल्यावर रक्त लवकर न थांबणं, असं काही असेल तर तेही आधीच सांगा.

त्याला खरं सांगा. "काहीच दुखणार नाही" म्हणू नका, कारण सुई टोचते आणि फसवलं गेलं हे पोराला कळतं, मग पुढच्या वेळी ते तोंडच उघडत नाही, हे आम्ही रोज बघतो. सांगा की जरा टोचेल, मग ओठ जाड झाल्यासारखा वाटेल, काढताना दाबल्यासारखं कळेल. बधीर केल्यावर दुखणं थांबतं पण दाब कळतोच, आणि हे आधी माहीत नसलं की मुलं त्या दाबालाच घाबरून रडतात. आणि "ऐकलं नाहीस तर सुई द्यायला लावीन" ही धमकी घरात आजपासून बंद.

दाढ काढल्यावर गॉझ (जाळीदार कापडाची घडी) अर्धा तास घट्ट चावून धरायचा, सारखा काढून बघायचा नाही. लाळ गुलाबी दिसेल, घाबरू नका. त्या दिवशी थुंकणं, खळखळून चूळ भरणं, स्ट्रॉने पिणं नको, कारण खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तेच जखमेचं झाकण असतं. म्हणून हळद, तेल काहीही भरू नका, गुठळी निघते आणि लवंगेच्या तेलाने उघडी जखम चुरचुरते. सासूबाईंची काळजी खरीच आहे, त्यांना गार दहीभात कालवून ठेवायला सांगा, पण तो बधीरपणा पूर्ण गेल्यावरच द्यायचा. मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

डॉक्टरांना एक नक्की विचारा, दाढेची जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर लागेल का. दुधाच्या दाढा साधारण ९ ते १२ वर्षांत पडतात, इतक्या लवकर काढली तर शेजारच्या दाढा सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही.

प्रश्न : काल मुलीची खालची दाढ काढली. आज त्याच बाजूचा ओठ सुजलाय, आतून पांढरा-पिवळा चट्टा आलाय. पू झालाय का? घरात मागचं अँटिबायोटिक उरलंय, सुरू करू?
– एक बाबा, नाशिक

उत्तर : नका करू. दादा, बहुतेक तिने बधीर ओठ चावलाय. खालच्या दाढेसाठी दिलेल्या इंजेक्शनने ओठ-जीभ दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त वेळ बधीर राहते, मुलांना गंमत वाटते, चावतात, चोखतात, दुखत नसल्याने थांबतच नाहीत. तेवढा वेळ मोठ्या माणसाने शेजारी बसून लक्ष द्यायला हवं, शाळेत तर पाठवूच नये, आणि हे दवाखान्यातून निघतानाच नीट सांगायला हवं. तो चट्टा म्हणजे भरत असलेली जखम, आठवडा-दहा दिवसांत जाते. ओठाला व्हॅसलीन लावा, तिखट नको. दुखलं तर पॅरासिटामॉल, एका डोसला वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तासांचं अंतर, दिवसात चार डोसच्या वर नाही. सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, बाटलीवर वाचून किंवा केमिस्टला विचारून मोजा. ॲस्पिरिन लहान मुलांना अजिबात नको. तरी चट्ट्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवाच. आणि ताप आला, गालाची सूज वाढत गेली, गिळता येईना, किंवा अर्धा तास दाबूनही रक्त थांबेना, तर वाट न बघता लगेच घेऊन जा, रात्र असली तरी.