पाढे म्हणताना दुखत नाही, म्हणजे दुखणं खोटं?

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखणं मनाचंच का?" हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. कुणाच्या मधुमेहामुळे तळपायांची आग होते, कुणाच्या पायात मणक्याच्या ऑपरेशननंतरही चमक येते. ओळख पटणार नाही अशा बेतानं एका काकूंचं सांगते.

वय बासष्ट. उजव्या बरगड्यांवर नागीण उठली होती. फोड महिन्याभरात सुकले, दुखणं आठ महिन्यांनीही तसंच. पहिल्या दिवशी त्या तासभर दोन बोटांनी पदर अंगापासून लांब धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन दिलेलं. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, ही डिप्रेशनची गोळी. पाकीट कपाटात गेलं.

"मी काय वेडी आहे का मॅडम?"

सुरुवातीला मीही चुकले. "मन रमवा," म्हटलं. त्यांनी ऐकलं ते 'दुखणं मनाचं आहे' एवढंच. पुढच्या वेळी आल्याच नाहीत.

चौथ्या भेटीत मात्र गुन्हा कबूल करावा तशा बोलल्या. "नातीचे पाढे घेते ना, तेव्हा दुखत नाही. सून बघत असते. म्हणजे खोटंच की माझं."

मी वही मिटली. महिनोन्‌महिने घरात बोलता न आलेलं हे होतं.

नागिणीचा विषाणू नसेला इजा करतो. तिथून संदेशांचा मारा चालू राहिला की मज्जारज्जूतल्या पेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे संदेश आत घेणारी दारं, ज्यांना एरवी मॅग्नेशियमचं बूच असतं, ते उघडतात. पेशी इतक्या हळव्या होतात की पदराचा स्पर्शही वेदना होऊन वर जातो. पण मेंदू नुसता ऐकत बसत नाही, वरून ब्रेकही लावतो. अफूसारखी रसायनं तो स्वतःच बनवतो; ती जिथं बसतात ते रिसेप्टर १९७३ मध्ये सापडले. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. नुसत्या खोट्या औषधानं ज्यांचं दुखणं उतरलं होतं, त्यांना हे रिसेप्टर अडवणारं नॅलॉक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढलं. औषध खोटं होतं, आराम खरा होता. मन आणि शरीर अशा दोन फायली मी ठेवत नाही, ते यामुळेच.

"काकू, पाढे घेताना तुमचा ब्रेक लागतो. ब्रेक लागला म्हणून गाडी खोटी होते का?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती गोळीही ब्रेकचीच का?"

बरोबर ओळखलं त्यांनी. नसेच्या दुखण्यासाठी ती सहसा डिप्रेशनपेक्षा कमी डोसात देतात. डॉक्टरांना विचारून त्यांनी पुन्हा सुरू केली.

घरच्यांना माझं एकच सांगणं: "आत्ता तर हसत होतीस," हे वाक्य बंद. आणि दुखणाऱ्यानं गोळी स्वतःच्या मनानं सुरू वा बंद करू नये.

काकूंना रात्री अजून ठणकतं. परवा सून सोबत आली होती. म्हणाली, "तिसापर्यंत पाढे झाले, आता काय घ्यायचं?"

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "पावकी-निमकी आहे की!"