कुंपणातली चक् चक्

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात दिवाळीपासून कोणीतरी सारखं चक्... चक्... करतंय, दिसत मात्र काहीच नाही. मिस्टर म्हणतात खार असेल. दाणे टाकले तर बाहेर येईल का? आणि पक्षी बघायला नॅशनल पार्कलाच जावं लागतं का हो?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, खारीची चिक् चिक् एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. थांबून थांबून एकेक चक् टाकणारा तुमचा पाहुणा बहुतेक ब्लिथ्स रीड वॉर्बलर नावाचा पक्षी असणार, आपल्या वटवट्या पक्ष्यांचा लांबचा भाऊबंद. चिमणीपेक्षा लहान, मातकट, अंगावर ना पट्टा ना ठिपका, म्हणजे दिसला तरी "हॅ, हा होय" म्हणून सोडून द्याल असा, पण येतो कुठून तर रशिया, फिनलंड, मध्य आशियातून, आणि एप्रिलपर्यंत मुक्काम.

दाणे नको. तो किडे-अळ्या खातो, दाण्यांवर फक्त कबुतरं जमतील, आणि ती मुंबईत काय कमी आहेत! सकाळी सात-साडेसातला दूध आणायला उतराल तेव्हा मेंदीपासून चार पावलं लांब, मोबाइल पर्समध्ये टाकून दहा मिनिटं उभ्या राहा, आधी पान हलेल, मग तो. दुर्बीण नंतर घ्या, घ्याल तेव्हा ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) बघा.

नॅशनल पार्क राहू दे, आधी गच्चीवर जा. टाकी ओव्हरफ्लो होऊन पाणी साचतं तिथे शेपटी खालीवर करत चालणारा धोबी पक्षी हिवाळ्यात दिसू शकतो. खाली जांभळाच्या नाहीतर बदामाच्या झाडात लाल कंठाचा माशीमार शोधा. मी दोन हिवाळे नुसता लाल गळा शोधत बसलो आणि रोज समोर बसलेला पक्षी हुकवला, कारण लाल गळा फक्त मोठ्या नरालाच, बाकीचे साधे तपकिरी. शेपूट बघायची, झटकन वर होते आणि बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे असतील तर खाडी ओलांडली की ऐरोली, तिथून भरती-ओहोटी बघून बोट सोडतात. ठाणे खाडीला २०१५ला अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा.

आणि हो, माळीकाकांना आजच गाठा. सोसायटीला थंडीतच मेंदी बोडकी करायची हुक्की येते, ती एप्रिल संपेपर्यंत थांबवता आली तर बघा.