वडिलांची भरमार, धुऱ्याचा वाद आणि रात्रीची जागल

प्रश्न : आमचं वावर टिपेश्वरच्या जंगलापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. कपाशी, तूर आणि थोडा हरभरा. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रातोरात पीक झोपवतात, म्हणून जागलीला जावंच लागतं. वाघाचे पगमार्कही दिसले आहेत. वडिलांच्या नावानं पीक संरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना होता. वडील मागच्या वर्षी वारले. बंदूक घरात माळ्यावर तशीच आहे, डब्यात बारूद आणि छर्रेही आहेत. त्यात बाजूच्या वावरवाल्याशी धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, वाद सुरू आहे. पानठेल्यावर चार लोकांसमोर तो म्हणाला, "एक दिवस जागलीतच पाहून घेतो तुले." पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली, पुढे काही नाही. त्याच्याजवळ कट्टा (गावठी पिस्तूल) आहे अशी गावात चर्चा आहे. पुतण्या म्हणतो, आपणही एक घेऊन ठेवू, अमेरिकेत तर बंदूक बाळगणं हा हक्कच आहे. मी वडिलांची बंदूक वावरात नेऊ शकतो का? मला पिस्तुलाचा परवाना मिळेल का? आणि तो रात्री अंगावर आला अन् मी बार काढला, तर ते आत्मसंरक्षण धरतील का?
– एक शेतकरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात शेजारी आहे, वाघ आहे, डुकरं आहेत, पुतण्या आहे. पण वकील म्हणून मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती माळ्यावरच्या बंदुकीची. उद्या त्या शेजाऱ्यानं ठाण्यात एक निनावी अर्ज टाकला, तर वाद धुऱ्याचा राहणार नाही. तुम्ही आरोपी, तो साक्षीदार, असं प्रकरण उभं राहील.

बंदुकीचा परवाना हा माणसाला मिळतो. सातबाऱ्यावर वारसान चढतं तसा तो आपोआप मुलाकडे येत नाही. वडील गेले त्या दिवशी त्यांचा परवाना संपला आणि तेव्हापासून ती बंदूक तुमच्या घरात विनापरवाना आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायला हवी होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं झाली आहे, दंड वेगळा. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. "वडिलांची आठवण म्हणून ठेवली होती" हे न्यायाधीश ऐकून घेतील, पण ते जामिनाच्या दिवशी. त्याआधीच्या रात्री कोठडीतच काढाव्या लागतील.

म्हणून जमा करण्याचं काम याच आठवड्यात उरका. ठाणेदारांच्या नावे साधा अर्ज लिहा: वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, बंदुकीवरचा नंबर, बारूद-छर्रे किती आहेत, आणि कायद्याप्रमाणे हे सगळं जमा करायचं आहे. सोबत मृत्यू दाखला आणि मूळ परवाना जोडा. अर्ज घेऊन आधी तुम्ही जा, बंदूक नेऊ नका. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, ठाण्याच्या डायरीत नोंद करायला सांगा, आणि बंदूक ताब्यात घ्यायला शिपाई पाठवण्याची विनंती करा. पोलीस पाटलांनाही कल्पना द्या. मोटारसायकलवर आडवी बांधून बाजारातून ती ठाण्यात नेण्याचा शहाणपणा करू नका. वाटेत कुणी अडवलं, तर जमा करायला निघालो होतो हे सिद्ध करत बसाल. जमा झाल्यावर पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय ना, तो तिथेच उभं राहून वाचा.

आणखी एक. भरमार ही नळीच्या तोंडातून ठासायची बंदूक. वर्षानुवर्षं पडून असलेल्या अशा बंदुकीत कधीकाळी ठासलेला बार तसाच राहिलेला असू शकतो. जुने लोक गज नळीत घालून, आत किती गेला ते बाहेरून मोजून पाहतात. तुम्ही तेही करू नका. घोड्याला हात लावू नका, नळीत डोकावू नका, पोरांना माळ्यावर चढू देऊ नका. ठाण्यात देतानाच सांगा की भरलेली आहे की रिकामी हे माहीत नाही. पोलीस मुख्यालयात आर्मोरर असतो, तो पाहील. बारुदाचा डबा चुलीपासून लांब ठेवा.

जमा केली म्हणजे बंदूक कायमची गेली असं होत नाही. कलम 21 मध्येच सोय आहे की ठरलेल्या मुदतीत वारसानं स्वतःचा परवाना मिळवला तर ती परत मिळते, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला विकता येते. मुदत टळली की ती सरकारजमा होते. शस्त्र नियम 2016 मध्ये मृत परवानाधारकाच्या वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. तुम्हाला आई आणि भाऊ-बहिणी असतील तर त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. बहिणीची सही "नंतर घेऊ" म्हणून ठेवलेली प्रकरणं टेबलावर धूळ खात पडतात, ती आधी घ्या. (ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावं: परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली की तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. मग तुमच्यासारखी अडचण येतच नाही.)

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर ऑफिसला करायचा. वय 21 पूर्ण हवं, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, बंदूक घरात कुलूपबंद ठेवण्याची हमी हवी. पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. इथे कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं थोडा झुकलेला आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. कलम 13 प्रमाणे खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली आणि नाकारण्याचं कायदेशीर कारण नसलं, तर अधिकाऱ्यानं परवाना द्यायचा असतो. तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्या कारणावरून तो नाकारता येत नाही. नाकारलाच, तर कारण लेखी मागा. कलम 18 खाली अपील आहे.

पण तुमच्या बाबतीत मध्ये टिपेश्वर येतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 34 प्रमाणे अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. तुम्ही चार-पाच किलोमीटरवर आहात. वारस म्हणून मागितलेला परवानाही तुमच्या नावे नवाच असतो, त्यामुळे फाईल वन खात्याकडे जाणार हे धरून चाला. या 10 किलोमीटरच्या पट्ट्यात ज्यांच्याकडे आधीपासून परवाना आहे त्यांनाही वन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या वडिलांनी ती केली असेल तर तो कागद शोधा, उपयोगी पडेल.

बंदूक हाती आली तरी डुकरावर बार काढायची मुभा त्यातून मिळत नाही. बंदुकीचा कागद कलेक्टर ऑफिसचा, जनावराचा कागद फॉरेस्टचा. रानडुक्कर आणि रोही दोन्ही आता वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका म्हणून ते मारायचे, तर कलम 11 खाली अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) ऑफिसला अर्ज करून सुरुवात करा. वाघ अनुसूची 1 मध्ये. त्याच्याबाबत निर्णय घेणं तुमच्या-माझ्या, अगदी आरएफओच्याही हातात नाही. तुमच्या शेजारच्याच राळेगाव तालुक्यात 2018 मध्ये अवनी वाघीण मारली गेली. तो वन खात्याचा अधिकृत आदेश असूनही प्रकरण कोर्टात किती गाजलं हे तुम्हाला आठवत असेल. वाघ खरोखर अंगावर आला आणि जीव वाचवताना तो जखमी झाला किंवा मेला, तर कलम 11(2) प्रमाणे गुन्हा नाही. मात्र त्या क्षणी तुम्ही स्वतः याच कायद्याचा भंग करत असाल, म्हणजे परवानगीशिवाय डुकराच्या मागे बंदूक घेऊन फिरत असाल, तर हे संरक्षण मिळत नाही.

कुंपणाच्या तारेत लाईनचा करंट सोडण्याचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो आताच काढा. त्या तारेत डुक्कर अडकायच्या आधी शेजाऱ्याचा गडी अडकतो. सौर कुंपण चालतं.

आता पुतण्या. त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. गुंडाकडे कट्टा आणि सरळ माणसाच्या हाती काठी, हे त्याला खुपतं आणि ते खुपण्यासारखंच आहे. ही मागणी जुनी आहे. इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं लोकांची शस्त्रं काढून घेतली, त्याविरुद्ध काँग्रेस अनेक वर्षं बोलत होती, आणि 1931 च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. मध्य प्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेवर गेलेले ह. वि. कामत यांनी डिसेंबर 1948 मध्ये तो राज्यघटनेत घालायची दुरुस्ती मांडली. सभेनं ती स्वीकारली नाही. अमेरिकेत 1791 पासून दुसरी घटनादुरुस्ती आहे, आणि 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कची "बाहेर बंदूक बाळगायची तर खास कारण दाखवा" ही अटही रद्द केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं की अमेरिकेसारखा हक्क भारतात कुणालाही नाही. माझं स्वतःचं मत विचाराल, तर ते बरंच आहे. आपल्याकडे धुऱ्याचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि रागाच्या भरात ज्याच्या हाताला जे लागतं ते तो उचलतो. आज उभारी किंवा कुऱ्हाड लागते. पण पुतण्याला माझं मत पटलं नाही तरी चालेल, कायदा समजला म्हणजे झालं.

कट्टा घेतला की तीच 2 ते 5 वर्षांची शिक्षा, आणि यावेळी "वडिलांची होती" म्हणायलाही जागा नाही. विकणाऱ्याची शिक्षा 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे, त्यामुळे तो पकडला गेला की सगळ्यात आधी गिऱ्हाइकांची नावं सांगतो. पुतण्यानं यासंबंधी व्हॉट्सॲपवर कुणाला विचारलं असेल तर इथेच थांबायला सांगा.

पिस्तुलाचं म्हणाल, तर त्यासाठी "सबळ कारण" दाखवावं लागतं आणि ते ठरतं पोलीस अहवालावर. एका एनसीवर ते होईल असं मला वाटत नाही. परवाना मिळाला तरी बंदूक झाकून न्यावी लागते, जत्रा-मिरवणुकीत किंवा शाळेच्या आवारात नेता येत नाही, आणि निवडणुकीच्या काळात जमा करायचा आदेश येऊ शकतो. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी 2019 पासून 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे आणि तो भक्कम आहे. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती त्या क्षणी असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत तो हक्क पोहोचतो. हातात काठी होती, कुऱ्हाड होती की बंदूक, यावर हक्क अवलंबून नाही. पण विनापरवाना बंदूक वापरून तुम्ही खुनाच्या आरोपातून सुटलात तरी शस्त्र कायद्याचा गुन्हा वेगळा चालेल. मालमत्तेसाठी हा हक्क आखूड आहे. रात्री घर फोडून कुणी आत शिरला तर गोष्ट वेगळी. उघड्या वावरातून कुणी कापूस वेचून नेत असेल किंवा धुरा कोरत असेल, आणि त्यातून तुमच्या जिवाला भीती नसेल, तर त्याचा जीव घेता येत नाही.

कलम 37 मात्र नीट ऐका. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. त्यानं पानठेल्यावर धमकी दिली, तुम्ही तक्रार केली, आणि नंतर बंदूक घेऊन जागलीत बसलात. सरकारी वकील म्हणेल, हा वाट पाहत बसला होता. जी एनसी तुमची भीती दाखवते, तीच तुमचा हेतू दाखवायलाही वापरली जाईल. "पायावर मारीन" असं मनात असेल, तर अंधारात छर्रे कुणाच्या पायापुरते थांबत नाहीत.

असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. पंजाबात 1991 मध्ये जमिनीच्या वादात वडिलांवर गंडाशाचा (लांब दांड्याच्या कोयत्याचा) वार झाला आणि मुलानं, दर्शनसिंगनं, परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं खुनासाठी शिक्षा दिली, आणि जानेवारी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं. जिवावर बेतलेल्या माणसाकडून तराजूत तोलून प्रतिकार करण्याची अपेक्षा ठेवता येत नाही, हे त्या निकालात स्पष्ट आहे. तो जिंकला. बंदूक परवान्याची होती, वार आधी समोरून झाला होता, तरी त्याची साडेअठरा वर्षं गेली.

म्हणून धुरा कागदावर सोडवा. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मोजणीचा अर्ज भरा, मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला नोटीस मिळाली की नाही ते पाहा, आणि हद्दीच्या खुणा पंचांसमोर लावून घ्या. त्यानं तुमची वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण 6 महिन्यांच्या आत. धमकीसाठी ठाण्यात दुसरा अर्ज द्या: पानठेल्यावर हजर असलेल्या चौघांची नावं घालून, त्याच्याविरुद्ध भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली चॅप्टर केस करावी अशी मागणी करा. त्यात त्याच्याकडून शांततेचा बाँड घेतला जातो. एनसीचा तपास व्हावा म्हणून मॅजिस्ट्रेटची परवानगी मागायची असेल, तर मी किंवा कोणताही स्थानिक वकील कलम 174 खाली अर्ज लावू शकतो. कट्ट्याची चर्चा खरी वाटत असेल तर ती ठाणेदारांना तोंडी सांगा. लिहून द्यायचं असेल तर ऐकीव आहे असंच लिहा, पाहिलं नसताना पाहिलं म्हणू नका.

जागलीला एकट्यानं जाऊ नका. आजूबाजूच्या दोन-तीन वावरवाल्यांनी पाळी लावून एकत्र जागावं, चांगली बॅटरी ठेवावी, 112 नंबर फोनमध्ये वरच ठेवावा. पीक गेलं की त्याच दिवशी फोटो काढून वन खात्याकडे नुकसानीचा अर्ज टाका, पंचनाम्यासाठी मागे लागा.

ठाण्याची पावती हाती आली की तिची झेरॉक्स आणि परवान्याची प्रत मला पाठवा. वारस परवान्याचा अर्ज तिथून पुढे करू. आणि पत्रात तुमच्या आईचा उल्लेख नाही. त्या हयात असतील तर ना-हरकतीवर पहिली सही त्यांची लागेल.